केबिनमधली कुंडी

मंगळवारी ऑफिसचं काचेचं दार ढकलून मी आत शिरले, नेहमीसारखी उजवीकडे वळून शेखरच्या केबिनपाशी गेले, तर तिथे कोपऱ्यात पांढऱ्या कुंडीत दुसरंच झाड उभं होतं. क्षणभर वाटलं, लिफ्टमधून आपण भलत्याच मजल्यावर उतरलो. या वयात असं होतं. परवा मी शेजारच्या फ्लॅटच्या कुलपात आमची किल्ली फिरवत उभी होते. पण खिडकीतून दिसणारी निलगिरीची शेंड्याकडची फांदी तीच होती, भिंतीवर शेखरने लावलेला नाशिकचा मोठा नकाशा तोच होता. टेबल तेवढं फिरवलेलं होतं. खुर्चीची पाठ आता खिडकीकडे झाली होती आणि खुर्चीवर कुणाची तरी निळी बॅग होती. मी पुढे होऊन नव्या झाडाचं एक पान चिमटीत धरून पाहिलं. इतकं हिरवं, इतकं तुकतुकीत, की ते प्लास्टिकचं निघावं असं मला फार वाटलं. खरं होतं. वरच्या जाळीतून एसीचा झोत माझ्या मानेवर पडत होता, आणि हातातल्या पिशवीत पानं पुसायचं ओलं फडकं आणि छोटी कात्री तशीच होती.

जुनी कुंडी मातीची, गेरूने रंगवलेली. तिच्यात अरेका पाम होता, सुपारीसारख्या लांब पानांचा. आणि खाली मुळांपाशी माझा मुलगा, शेखर, होता. सगळा नव्हे, चिमूटभर. बाकीचा रामकुंडात गेला. हे माझ्या सुनेला, हर्षालीला, माहीत नाही. मस्कतला असलेल्या माझ्या मुलीला, सरिताला, माहीत नाही. शेखरबरोबर हे ऑफिस काढणाऱ्या दिनेशलाही माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत की म्हातारी दर आठवड्याला येते, झाडाला पाणी घालते, जरा वेळ बसते आणि जाते. दिनेशने एकदा बाहेर कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं होतं, 'येऊ दे रे, तेवढाच त्यांना विरंगुळा.'

"आजी, बसा ना. पाणी आणू?" मागून सायली म्हणाली. ही दारापाशी बसून फोन घेणारी मुलगी.

"इथलं झाड?"

"नवीन आहेत ती! मस्त ना? एजन्सीची आहेत, भाड्याची. सगळीकडे ठेवलीत बघा, कॉन्फरन्समध्ये पण. त्यांची माणसं येऊन पुसतात, पाणी घालतात, सुकलं की घेऊन जातात आणि दुसरं आणून ठेवतात. आपल्याला काही बघायलाच नको."

"आणि जुनं?"

सायलीने दिनेशच्या केबिनकडे एकदा पाहून घेतलं. "ते मागे गॅलरीत ठेवलंय, शनिवारी. टाकलं नाही हां आजी. मीच म्हटलं, आजींचं आहे, टाकू नका."

मी निळ्या बॅगेशेजारी टेबलाला धरून उभी राहिले. टाकलं नाही. तेवढ्यात दिनेश बाहेर आला. हा देवळालीच्या शाळेत शेखरच्या बाकावर बसायचा; माझ्या हातची थालीपिठं खाऊन वाढलेला मुलगा, आता कानांशी पांढरा झालाय.

"काकू, तुम्हाला फोन करणारच होतो."

"कशाला?"

"हेच सांगायला. साई बसतोय आता इथे. नवा इंजिनीअर, सिन्नरचा आहे, चांगला मुलगा. किती दिवस केबिन बंद ठेवायची? हर्षालीशी बोललो होतो मी. ती म्हणाली, अरे, आधीच द्यायला हवी होतीस."

"मला नाही बोलली."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नसेल बोलली." मग त्याने हसून पाहिलं. "आणि काकू, तुमचा पेशंट तसाही व्हेंटिलेटरवरच होता. एजन्सीवाले म्हणे, हे आमच्या झाडांजवळ ठेवू नका, कीड पसरेल."

"कीड नव्हती त्याला."

"नसेल हो. आम्ही काय, सळई-सिमेंटची माणसं. संध्याकाळी गाडीतून घरी पोचवतो ना मी. तुमच्या गॅलरीत झकास राहील."

आमची गॅलरी पश्चिमेची. दुपारनंतर कठड्याला हात लावता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात तुळससुद्धा तिथे करपली. मी 'बघते' म्हणाले. याला कसं सांगणार, की इथे गार आहे म्हणूनच तर इथे ठेवला होता.

शेखरला फार उकडायचं. आम्ही देवळाली कॅम्पला राहायचो तेव्हा घर पत्र्याचं होतं. त्याचे बाबा तोफखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून. मुंबईचे शेठ लोक देवळालीला हवा खायला यायचे, झाडीत त्यांचे बंगले होते. त्याच हवेत आमचा पत्रा चैत्रापासून तापायला लागायचा आणि दुपारी आपोआप टकटक वाजायचा, कुणी वर चालतंय असा. शेखर तान्हा असताना त्याच्या मानेच्या वळ्यांत घामोळं फुटायचं, लाल, मोहरीएवढं. मी चंदन उगाळून लावायची, मुलतानी माती लावायची. ती वाळून तडकली की तो रडायचा. मग मी त्याला सरळ फरशीवर निजवायची. अंगाखालची शहाबादी गरम झाली की तो झोपेतच सरकायचा, शेजारच्या गार फरशीवर, तिथून पुढच्या. उठेपर्यंत कधी पलंगाखाली सापडायचा, कधी मोरीच्या तोंडाशी. जरा मोठा झाला तेव्हा माठाला गाल लावून बसायचा. 'अरे, माठ उष्टा होतो!' मी ओरडायची. 'गालाने कुठं उष्टा होतो?' असं उलट विचारायचा. एकदा साहेबांच्या मेसवरून उतरवलेले जुने वाळ्याचे ताटे ह्यांनी घरी आणले. मी एक दाराला बांधला आणि त्यावर पाणी मारत राहिले. ती दुपार मला अजून वासासकट आठवते. शेखर ताट्याच्या आतल्या बाजूला उघडा उभा होता आणि झुळूक आली की दोन्ही हात वर करायचा, काखेत वारा जावा म्हणून.

इंजिनीअरिंगला गेला तेव्हा पहिल्याच आठवड्यात सांगत आला, 'आई, कॉम्प्युटरच्या लॅबला एसी आहे. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळासारखं. यंत्रं तापू नयेत म्हणून.' मी विचारलं, 'आणि माणसं?' तर म्हणाला, 'माणसांना कोण विचारतंय!' माझ्या वडिलांचा लासलगावला कांद्याचा व्यवहार होता. बाजार समितीतून ते घरी आले की भर उन्हात तापलेल्या कांद्याचा वास त्यांच्या अंगाला लागून यायचा. थंड जागेत बसून कुणी काम करतं ही गोष्ट आमच्या घरात त्या मुलाच्या तोंडून पहिल्यांदा आली. पुढे त्याने आणि दिनेशने ऑफिस घेतलं, इमारतींची डिझाइन्स करायला लागले, तेव्हा पूजेच्या आदल्या दिवशी त्याने मला एकटीला आणून या केबिनमध्ये बसवलं, हातात रिमोट घेऊन समोर उभा राहिला. 'सांग आई, किती गार करू?' मला थंडी वाजत होती. मी म्हटलं, 'अजून जरा कर.' अरेका त्याच दिवशी आला, गंगापूर रोडच्या एका नर्सरीतून, गाडीच्या खिडकीतून शेंडा बाहेर काढून.

आणि तो गेला उन्हात. डॉक्टर हृदय म्हणाले, हर्षालीही तेच सांगते. मी अजून ऊनच म्हणते. सातपूरच्या बाजूला एका इमारतीचा स्लॅब टाकायचा होता, त्याआधी सळया तपासायला गेला होता. मे महिना, भर दुपार. कॉन्ट्रॅक्टरला म्हणाला, 'जरा टेकतो,' आणि सिमेंटच्या गोण्यांना टेकून बसला तो उठलाच नाही. अमरधामला हर्षाली गेली, अग्नी तिनेच दिला. मला बायकांनी घरात धरून ठेवलं होतं. मी पंख्याखाली बसले होते, पंखा गरम हवाच खाली फेकत होता आणि माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं, एवढंच की त्याला आता किती उकडत असेल. हे वेडेपण आहे हे मला त्या क्षणीही कळत होतं. देह म्हणजे माणूस नव्हे, हे सगळं मी ऐकलेलं आहे. दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगितलेलंही आहे. पण त्याच्या मानेच्या वळ्या मी धुतल्या होत्या. आत्मा मी कधी पाहिलेला नव्हता.

सरिता मस्कतहून येईपर्यंत अस्थी थांबवल्या. त्या घरात आणत नाहीत, म्हणून सोसायटीच्या मागच्या भिंतीशी आंब्याला मडकं टांगलं होतं, तोंडाला पांढरं फडकं बांधून. सकाळी दुधाच्या पिशव्या आणायला म्हणून मी खाली गेले. पदरात सुपारीची स्टीलची डबी होती. काय करायचं हे ठरवून गेले होते असं म्हणवत नाही. डबी मात्र घेऊन गेले होते. आंब्याखाली कुणी नव्हतं. मी मडक्याला हात लावला तर ते गार होतं, रात्रीच्या वाऱ्याने चांगलं गार झालेलं. मी त्याला गाल लावला. मग गाठ सोडली, दोन बोटं आत घातली, आलं तेवढं डबीत ठेवलं आणि गाठ होती तशी बांधून दूध घेऊन वर आले.

कुठून कुठून माणसं अस्थी घेऊन आमच्या गावात येतात. स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षांत ती ओळखू येतात. मांडीवर पिशवी असते आणि तिच्यावर दोन्ही हात. रामकुंडात अस्थी विरघळून जातात म्हणतात, मागे काही उरत नाही. लहानपणी शेखर मला विचारायचा, 'मग आपल्याला किती जवळ आहे ना आई?' जवळच होतं. गुरुजींनी मडकं पालथं करायला लावलं, त्यात पाणी घालून खळबळून पुन्हा ओतायला लावलं. पायऱ्यांवर शेवाळ होतं आणि हर्षालीने घसरू नये म्हणून माझा दंड धरला होता. तिचे हात ओले होते. 'सगळं गेलं ना आई? काही राहिलं नाही ना?' तिने मला विचारलं, गुरुजींना नव्हे. मी म्हटलं, 'सगळं गेलं.' तिने मान डोलावली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालेलं मी पाहिलं. तेव्हा डबी माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत होती. पण मे महिन्यात स्टीलची डबी कपाटातसुद्धा कोमट होते. मी हात घालून पाहायची आणि दचकून काढून घ्यायची. म्हणून मग त्याच्या वस्तू आणायला हर्षालीबरोबर ऑफिसात आले त्या दिवशी, ती आणि दिनेश पलीकडे बोलत असताना, मी चहाच्या चमच्याने कुंडीतली माती उकरली, डबी तिच्यात रिकामी केली, वर माती दाबली आणि रिमोट घेऊन एसी लावला. त्या दिवसांत पहिल्यांदाच मला घरी जाऊन झोप लागली.

आणि मग ते झाड सुकायला लागलं. आधी टोकं तपकिरी झाली, मग कडा, मग अख्खी पानं आतून पिवळी. मी दर आठवड्याला जायचीच, आता मधेही जायला लागले. टोकं कात्रीने तिरकी कापायची, पानाच्या आकारातच, म्हणजे कापलेलं दिसत नाही. धूळ पुसायची, कारण बंद खोलीतली धूळ पानांवरून कुठे जात नाही. झोत थेट अंगावर येतो म्हणून सायलीने आणि मी कुंडी ढकलत ढकलत जाळीखालून काढली आणि कोपऱ्यात नेली. थंडीने नव्हे, हवेच्या कोरडेपणाने झाड वाळतं, हे मला सायलीने मोबाइलवर वाचून दाखवलं. मला वाटायचं, गारवा म्हणजे ओलावाच. माठाचा असतो, वाळ्याचा असतो, फरशी पुसल्यावर येतो तो असतो. हा गारवा मात्र हवेतलं पाणी काढून घेऊनच गार होतो. आयुष्यभर एकच समजत आलेल्या दोन गोष्टी या वयात वेगळ्या निघाल्या, आणि त्यातल्या कोरड्या गारव्यात मी त्याला ठेवून बसले होते. मग ताटलीत खडे घालून त्यांत पाणी भरून कुंडी त्यावर ठेवली. ऑफिसातल्या इतर कुंड्या ओढून जवळ आणल्या. झाडं जवळजवळ असली की एकमेकांच्या वाफेवर जरा ओली राहतात. यंत्र हवेतलं जे पाणी काढतं ते नळीतून मागच्या गॅलरीत बादलीत गळतं, ते आणून घालायला लागले. त्या बादलीपाशी वाकले की मला वाटायचं, हे या खोलीतलंच पाणी, इथल्या माणसांच्या श्वासातलं. कधीकाळी त्यात शेखरचाही श्वास गळला असेल, आणि कुणी फरशी पुसण्यात तो वापरून टाकला असेल.

एवढं करूनही झाड राहीना. माझ्या मनात मग नको ते यायचं. आपण अडवून ठेवलंय का त्याला? हर्षाली रात्री उठून हॉलमध्ये बसायची ती या डबीमुळे का? सांगून टाकावं असं कितीदा वाटलं, पण हल्ली ती जरा झोपायला लागली आहे. परवा फोनवर कुणाशी तरी बोलताना मोठ्याने हसली आणि एकदम माझ्याकडे पाहून गप्प झाली. मी स्वयंपाकघरात निघून गेले, तिने हसून घ्यावं म्हणून. त्या मुलीसमोर जाऊन मी कुठल्या तोंडाने सांगू की सगळं गेलं नव्हतं?

मागच्या गॅलरीचं दार मी उघडलं तेव्हा आधी आवाज आला, मग आच. तिथे एकावर एक यंत्रं लावलेली आहेत, एसीची बाहेरची धडं, त्यांचे पंखे गरगर फिरत होते आणि आतून ओढून घेतलेली सगळी गरमी त्यांच्या तोंडातून बाहेर पडत होती. कुंडी बरोबर त्यांच्या पुढ्यात होती. शनिवारपासून. पानं सुरळी होऊन कागदासारखी वाजत होती. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती, फटीत बोट जाईल एवढी. आतल्या केबिनमध्ये जितकी गार हवा, तितकी ही गरम. ज्या खोलीत त्याला थंड ठेवायला आणलं तिचीच सगळी आच त्याच्यावर सोडलेली. मी कुंडी ओढून पाहिली. हलली नाही. पुन्हा ओढली, तर मनगटात कळ आली. शेवटी मी यंत्र आणि कुंडी यांच्या मध्ये उभी राहिले, यंत्राकडे पाठ करून. पदर उडून पुढे आला. पाठ भाजत होती, पण झाडावरची पानं वाजायची थांबली. किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. खाली कुठेतरी बस हॉर्न देत होती.

"अवं आजी! तिथं काय उभ्या राहिल्या? पापड होईल की तुमचा!"

दारात एक बाई होती, निळा ॲप्रन, एका हातात फडकं, दुसऱ्यात पाण्याची झारी. एजन्सीच्या झाडांची निगा राखायला आलेली. मंगळवारी तिची या बाजूची फेरी असते. मला हाताला धरून तिने सावलीत घेतलं, मग कुंडी काठाला धरून, तिरकी करून गोल फिरवत फिरवत माझ्या शेजारी आणली. लंकाबाई नाव, पेठ तालुक्याकडची, सगळं न विचारता सांगितलं. "तुमचं का हे?"

"मुलाचं."

"मग त्यांना सांगा की न्यायला. तुम्ही कशाला वढाताण करता?"

"तो नाही आता."

लंकाबाई खाली बसली, बुंधा हलवून पाहिला. तो सहज हलला. "हे गेलं आजी. मी काय करणार, तुमच्यासमोर खोटं बोलू का?" तिने बोटांनी माती उकरली, एक मूळ वर काढलं, काळं पडलेलं, आणि मग माती बोटांत चुरून पाहायला लागली. मातीत बारीक पांढरं काहीतरी होतं. तिने ते अंगठ्यावर घेऊन उजेडाकडे धरलं.

"चुना घातला का काय यात?"

"राख होती. थोडी."

"राखेनं तर जळलं मग. घालावी, पण लय नाय. अन् गार झाल्याबिगर तर नायच. ऊन राख घातली की आतून जळतं झाड."

"गार झाली होती," मी म्हटलं. "हात लावून पाहिला होता मी."

तिने वर माझ्याकडे पाहिलं. अंगठ्यावरचा कण तिने झटकला नाही. कुंडीतच परत ठेवला आणि वर जराशी माती सारली. "मग बरं केलं," ती म्हणाली. तिला काय कळलं, काय नाही, मला सांगता येत नाही.

मग ती म्हणाली, "साहेब म्हणत होते, तुमच्या घरी पोचवायची हाय. माती काढून घेऊ का? हलकी होईल. नुसती कुंडी न्या, दुसरं काही लावा तिच्यात."

"माती टाकणार?"

"माती कोण टाकतंय? मालक जीव घेईल माझा. त्र्यंबक रोडला शेड हाय आमची. सगळ्या कुंड्यांची माती तिथं एका जागी करायची. उन्हात पसरायची..."

"उन्हात?"

"मग? किडं मरायला नको? चार दिवस ऊन द्यायचं, मग शेणखत घालायचं, पाणी मारायचं, झाकून ठेवायची. मुरली की पुन्यांदा भरायच्या कुंड्या."

चार दिवस ऊन. मी भिंतीला टेकून उभी होते आणि आतून सायलीच्या फोनचा आवाज येत होता. डोळ्यांपुढे आमची गॅलरी येत होती, तापलेला कठडा, आणि संध्याकाळी दिनेश कुंडी घेऊन दारात उभा, आणि हर्षाली 'ही कशाला आणली?' म्हणून पाहणारी. ती कुंडी रोज पाहणार, कधीतरी माती बदलायला घेणार, तिच्या बोटांवर तो पांढरा कण येणार. किंवा मी एकटीने पिशवी मांडीवर घेऊन रिक्षाने रामकुंडावर जायचं, परक्या माणसांच्या गर्दीत त्या पायऱ्या उतरायच्या, या वेळी दंड धरायला कुणी नसताना. आणि पाणीच त्याला हवं आहे हे तरी मला कुठे माहीत होतं? लहानपणी तो नदीला भ्यायचा. त्याला फक्त गार हवं असायचं. अंगाखालची एक जागा तापली की पुढची.

"घ्या," मी म्हटलं.

लंकाबाईने गोणी आणली. तिच्यात आधीच बुडाशी आणखी कुठल्या कुंड्यांची माती होती. तिने कुंडी आडवी केली, बुंधा धरून ओढला, झाड एका हातात आलं. मी गुडघे टेकून खाली बसले आणि ओंजळीने माती भरायला लागले.

"तुम्ही नका आजी, साडी खराब होईल. मी करते ना."

"असू दे."

माती गरम होती. वरची कोरडी, आतली अजून जराशी ओली, आणि तळाशी खापराला चिकटलेली. मी नखांनी खरवडून काढली. एकदाही बोटांना काही वेगळं लागलं नाही, किंवा सगळंच लागलं. कुंडी रिकामी झाल्यावर मी तिच्यात हात फिरवला. मग लंकाबाईकडची झारी मागून घेतली, आत थोडं पाणी घालून खळबळलं आणि तेही गोणीत ओतलं. ती गोणीचं तोंड धरून उभी राहिली. मग तिने कॉन्फरन्सच्या खोलीतून जुनी, सुकलेली एक कुंडी आणली आणि तिची माती त्याच गोणीत, वर पालथी केली. मी पाहत होते. आधी कळत होतं, ही काळी आपली, ही तांबूस त्यांची. मग तिने हातानेच दोन-तीनदा गोणी हलवली आणि मला काही कळेनासं झालं. मी पदर तोंडाला लावला. ती पाठमोरी होऊन गोणीला सुतळी बांधत बसली, गरज होती त्याहून जास्त वेळ.

"कुंडी नेता ना?"

"नको. तुम्हीच ठेवा."

"बरं." तिने कुंडी काखेत घेतली, गोणी ओढत दारापर्यंत नेली. खाली टेम्पो उभा होता. मी तिच्या मागे मागे गेले. आतून जाताना केबिनच्या काचेतून एक मुलगा निळ्या बॅगेतून लॅपटॉप काढताना दिसला, त्याने मला पाहून मान हलवली. लिफ्टपाशी लंकाबाईला मी गाठलं.

"तुमच्या या कुंड्या कुठे कुठे जातात?"

"कुठं जात नाय ते विचारा. बँका, दवाखाने, साड्यांची दुकानं. हाटेलात जातात. पार विमानतळापर्यंत."

"सगळीकडे एसी असतो?"

लंकाबाईला हसू आलं. गोणी आत ढकलत ती म्हणाली, "एसी नाय तिथं आम्हाला कोण बोलावतंय, आजी?"